स्कॉटी क्रीक: वणवा गेल्यावर वितळत राहणारी जमीन

(ड्रोन शॉट. सपाट प्रदेश, काळपट आणि पोपटी चट्टे.)

हे वरून जे दिसतंय ना, कुठं काळपट हिरवं, कुठं एकदम पोपटी, मध्येच चमकणारं पाणी, हे कॅनडाच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीजमधलं स्कॉटी क्रीकचं खोरं आहे. जवळचं गाव फोर्ट सिम्पसन, तेही इथून साधारण 50 किलोमीटरवर, आणि इथं यायला रस्ताच नाही, हेलिकॉप्टरनं या नाहीतर तळ्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानानं. फोर्ट सिम्पसनला लिअर्ड नदी मॅकेन्झीला मिळते. इथल्या मूळ रहिवासी डेने लोकांचं या गावाचं नाव लीडली कुए, अर्थ सरळ आहे, नद्या एकत्र येतात ती जागा.

तर ते काळपट पट्टे म्हणजे ब्लॅक स्प्रूसची झाडं उभी असलेले उंचवटे, आजूबाजूच्या दलदलीपेक्षा मीटर-दोन मीटर वर आलेले. वर का आलेत? कारण त्यांच्या पोटात बर्फ आहे. हाच तो पर्माफ्रॉस्ट, उन्हाळा आला तरी न वितळणारी जमीन. आणि पोपटी गोल म्हणजे जिथं तो बर्फ गेला आणि जमीन खाली बसली.

1947 साली विमानातून काढलेले इथले फोटो आहेत. त्यातला एक चौरस किलोमीटरचा तुकडा घेऊन मोजलं तर तेव्हा 70 टक्के जागेखाली पर्माफ्रॉस्ट होता. 2008 मध्ये तोच तुकडा परत मोजला, 43 टक्के उरला होता. एका माणसाच्या आयुष्यात एवढं.

(क्लोज-अप. हातात धरलेला ओला, तपकिरी, तंतूतंतूंचा गोळा.)

हा पीट. शेवाळं दरवर्षी वाढतं, खालचा भाग मरतो, पण थंडी आणि पाणी इतकं की तो धड कुजतच नाही, वर्षाला अर्धा ते एक मिलिमीटर असा साचत जातो. म्हणजे मीटरभर थर व्हायला हजार-दोन हजार वर्षं. झाडांनी आणि शेवाळानं हवेतून ओढलेला कार्बन इथं असा घडी घालून ठेवलेला आहे. सगळ्या उत्तरेकडच्या पीटच्या जमिनी धरल्या तर अंदाज आहे 400 अब्ज टनांच्या वर कार्बनचा, आणि त्यातला जवळजवळ निम्मा पर्माफ्रॉस्ट असलेल्या पीटमध्ये.

आता एक गोष्ट मला खरंच थक्क करते, ती नीट सांगतो. स्कॉटी क्रीकचं हवामान पर्माफ्रॉस्टसाठी तसं काठावरचंच, बर्फ टिकतो तो पीटच्या जिवावर. उन्हाळ्यात वरचं शेवाळ सुकतं, आणि सुकं शेवाळ म्हणजे गोधडी, वरची उष्णता खाली जाऊच देत नाही. शरदात पाऊस येतो, ते भिजतं, मग गोठतं, आणि गोठलेला ओला पीट थंडी पटकन आत सोडतो. उन्हाळ्यात दार बंद, हिवाळ्यात दार उघडं. वर स्प्रूसची सावली. एवढ्या साध्या गोष्टीवर शेकडो वर्षं बर्फ टिकलाय.

आणि वणवा नेमकी ही गोधडीच जाळतो.

(जळालेलं जंगल. काळी जमीन, काळे सरळ बुंधे.)

इकडच्या जंगलाला वणवा नवा नाही, ब्लॅक स्प्रूसची बोंडं तर आगीच्या उष्णतेनं भराभर उघडतात आणि बी पडतं, म्हणजे आग या झाडाच्या संसाराचाच भाग आहे. बिघडलंय ते प्रमाण. 2014 साली एकट्या नॉर्थवेस्ट टेरिटरीजमध्ये 34 लाख हेक्टर जळालं, म्हणजे आपल्या नाशिक जिल्ह्याच्या दुपटीपेक्षा जास्त. त्या एका उन्हाळ्यात साधारण साडेनऊ कोटी टन कार्बन हवेत गेला आणि त्यातला बहुतेक झाडांचा नव्हता, जमिनीच्या वरच्या थराचा होता. 2023 मध्ये अख्ख्या कॅनडात दीड कोटी हेक्टर, महाराष्ट्राच्या जवळपास अर्धं क्षेत्रफळ. त्या ऑगस्टमध्ये नॉर्थवेस्ट टेरिटरीजची राजधानी येलोनाइफ रिकामी करावी लागली, 20 हजारांच्या आसपास लोकवस्ती, आणि तिच्या दक्षिणेचं एंटरप्राइज हे छोटं गाव तर जवळपास सगळंच जळून गेलं.

2014 च्या आगीनंतर संशोधक त्या जळालेल्या भागात फिरले, मातीचे नमुने काढून जळालेला थर किती जुना होता ते रेडिओकार्बननं तपासलं. जिथं आधीचं जंगल 60 वर्षांपेक्षा जुनं होतं तिथं आगीनं नव्यानं साचलेलाच थर खाल्ला होता, खालचा जुना कार्बन शाबूत होता. पण जिथं जंगल त्याहून तरुण होतं, म्हणजे मागची आग लागून फार दिवस झाले नव्हते, तिथं जवळजवळ निम्म्या ठिकाणी मागच्या आगीच्याही आधीचा कार्बन जळाला होता. सावकारीच्या भाषेत सांगायचं तर व्याज खाऊन झालं, आता मुद्दलाला हात लागलाय. दोन आगींमध्ये जितका कमी काळ मिळेल तितकं हे वाढणार.

पण ज्वाळा आणि धूर, जे आपण टीव्हीवर बघतो, ते इथल्या गोष्टीत थोडा वेळच असतात. आग गेल्यावर काय होतं ते बघायला कॅमेरा कुणी लावत नाही, म्हणून हा व्हिडिओ करावासा वाटला.

आग गेली. जमीन काळी झाली, काळी म्हणून जास्त तापते. सावली नाही. शेवाळाचा थर पातळ झाला. पाणी ओढून घेणारी झाडं मेली म्हणून जमीन जास्त ओली राहते. हिवाळ्यात फांद्यांवर अडकणारा बर्फ आता सरळ जमिनीवर पडतो, आणि जाड भुसभुशीत बर्फ म्हणजे परत पांघरूणच, पण उलट्या ऋतूतलं, खालची ऊब बाहेर जाऊ देत नाही. मग होतं असं की उन्हाळ्यात वितळलेला थर हिवाळ्यात पूर्ण गोठतच नाही, वर गोठलेलं, खाली बर्फ, आणि मध्ये वर्षभर ओला राहिलेला एक थर. असा थर एकदा तयार झाला की हिवाळ्याची थंडी खालच्या बर्फापर्यंत पोचत नाही.

पश्चिम कॅनडातल्या पीटच्या जमिनींचा 2018 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की वणव्याचा हा परिणाम 30 वर्षं टिकतो, त्या काळात खचलेल्या पाणथळ जागा पसरण्याचा वेग जवळजवळ तिप्पट होतो, आणि गेल्या 30 वर्षांत ज्या अशा जागा नव्यानं झाल्या त्यातल्या साधारण पाव भागाचं कारण आग आहे. म्हणजे 1990 साली लागलेली एखादी आग विझवून माणसं घरी गेली, कामाला लागली, निवृत्तही झाली, आणि जमीन मात्र वितळतच राहिली.

(तिरकी झालेली झाडं, पाण्यात उभी.)

ही झाडं दारू प्यायल्यासारखी कलली म्हणून तिकडं त्यांना तसंच नाव आहे. खालचा बर्फ गेला, उंचवटा बसला, आजूबाजूचं पाणी आत आलं, मुळं बुडाली. आता पाण्याखाली हवा नाही, आणि बिनहवेच्या जागी पीट खाणारे सूक्ष्मजीव मिथेन सोडतात. गावाकडं ज्यांच्या परसात गोबर गॅसची टाकी आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको, टाकीत शेणाचं जे होतं तेच इथं हजार वर्षांपूर्वीच्या शेवाळाचं होतंय, फक्त वर शेगडी नाही, गॅस सरळ हवेत. 100 वर्षांच्या हिशोबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या 25 ते 30 पट तापवतो, 20 वर्षांच्या हिशोबात 80 पटींच्या आसपास.

इथं एक दुसरी बाजूही आहे आणि ती लपवणं बरोबर नाही. त्या खचलेल्या डबक्यात पोपटी शेवाळ फार जोमानं वाढतं, नवा कार्बन ओढतं, काही दशकांत नवा पीट साचायला लागतो. म्हणजे खालून जुनं जातंय आणि वरून नवं येतंय, आणि कुठलं पारडं किती वर्षांनी जड होतं यावर शास्त्रज्ञांचे वाद आहेत, जागेनुसार उत्तर बदलतं. पण मिथेन सुटतो तो आजच, आणि ज्यांची मुलं आज शाळेत आहेत त्यांच्या हयातीतला हिशोब तोच आहे.

अजून एक प्रकार. आजी रात्री चुलीतला निखारा राखेत पुरून ठेवायची, सकाळी राख बाजूला करून फुंकर मारली की विस्तव तयार. पीटमध्ये आग अशीच राहते. वर फूटभर बर्फ आणि खाली धुमसतंय, मग वसंतात जमीन सुकली की तिथूनच परत पेट, वीज न पडता. अलास्का आणि नॉर्थवेस्ट टेरिटरीजमध्ये 2002 ते 2018 या काळात एकूण जळालेल्या क्षेत्रापैकी अशा आगींचं क्षेत्र 0.8 टक्केच निघालं, त्यामुळं उगाच भीती घालायची नाही, पण कडक उन्हाळ्यानंतर त्या वाढतात हेही त्याच आकड्यांत दिसतं.

(जळालेल्या केबिन. वाकलेले पत्रे.)

ही जागा नीट बघा. हे स्कॉटी क्रीकचं संशोधन केंद्र. 1990 च्या दशकापासून इथं मोजमाप चाललंय, 2022 च्या ऑगस्टमध्ये केंद्राची सूत्रं लीडली कुए फर्स्ट नेशननं, म्हणजे इथल्या डेने समाजानं, हातात घेतली, ज्यांची जमीन त्यांच्याकडंच. आणि दोन महिन्यांत, ऑक्टोबरमध्ये, जेव्हा इथं बर्फ पडायला लागायला पाहिजे तेव्हा, वणवा आला आणि बहुतेक कॅम्प जळाला. वितळणारी जमीन मोजणाऱ्यांचंच घर गेलं. वर्षानुवर्षं जपून लावलेली उपकरणं, बसायची जागा, चहाची जागा. मला हे वाचताना फार लागलं.

तरी माणसं परत आली, कॅम्प पुन्हा उभा करायला लागली, गावातली माणसं आणि विद्यापीठातली पोरं मिळून. या शॉटमध्ये ती सळई दिसतेय ना, साधी लोखंडी सळई, हेच इथलं मुख्य हत्यार. पीटमध्ये दाबायची, खाली बर्फाला लागली की हाताला कळतं, ठक्क. न जळालेल्या स्प्रूसखाली ती लवकर अडते. इथं जळालेल्या पट्ट्यात काही ठिकाणी ती आत जाते, अजून आत जाते, मूठ जमिनीला टेकते तरी ठक्क होत नाही. मग वहीत आकडा लिहायचा, सळई उपसायची आणि दोन पावलं पुढं परत दाबायची.