मृत्यूचा तपास शिकायचाय? आधी खुर्ची ठरवा

नमस्कार श्रोतेहो.

बारावीचे निकाल लागले की मोबाइलवर जाहिरातींचा पाऊस सुरू होतो. ‘घरबसल्या फॉरेन्सिक सायन्स शिका, गुन्ह्याचा छडा लावा.’ सोलापूर, बार्शी, पंढरपूरकडच्या अनेक मुलामुलींना हा विषय मनापासून आवडतो, आणि त्यात वावगं काहीच नाही. पण पैसे भरण्याआधी एक प्रश्न सोडवायलाच हवा. मृत्यूच्या तपासात नेमकं कुठल्या खुर्चीवर बसायचंय?

हा प्रश्न महत्त्वाचा, कारण इंटरनेटवरचे बरेच अभ्यासक्रम अमेरिकेच्या पद्धतीवर बेतलेले असतात. तिथे कॉरोनर किंवा मेडिकल एक्झामिनरचं, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याचं, कार्यालय असतं आणि मृत्यूच्या जागी जाऊन चौकशी करणारा स्वतंत्र कर्मचारी असतो. आपल्याकडे असं पदच नाही. मुंबईत कॉरोनर होता, तोही 1999 साली बंद झाला. तेव्हा त्या नोकरीसाठीचं परदेशी सर्टिफिकेट भिंतीवर छान दिसेल, पण इथल्या भरतीच्या जाहिरातीत त्याला रकाना नाही.

मग इथे काय होतं? समजा, मोहोळ तालुक्यातल्या एखाद्या विहिरीत मृतदेह दिसला. पोलीस पाटील ठाण्याला कळवतो. ठाण्यात ‘एडी’, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद होते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 194 प्रमाणे पोलीस अधिकारी जागेवर जाऊन पंचांसमक्ष इन्क्वेस्ट पंचनामा, म्हणजे मृतदेहाची पाहणी करून लेखी नोंद, करतो. पूर्वी हेच कलम 174 होतं. 1 जुलै 2024 पासून आकडा बदलला, म्हणून जुने व्हिडिओ पाहून पाठांतर करू नका. नव्या कायद्यात हा अहवाल दंडाधिकाऱ्यांकडे 24 तासांत पाठवायचा आहे. मृतदेह पोस्टमॉर्टेमसाठी सिव्हिलला किंवा ग्रामीण रुग्णालयात जातो. मृत्यूचं कारण लगेच कळलं नाही, तर डॉक्टर मत राखून ठेवतात आणि व्हिसेरा, म्हणजे तपासणीसाठी काढून ठेवलेले आतल्या अवयवांचे भाग, प्रयोगशाळेला जातो. तिथून ‘सीए रिपोर्ट’, म्हणजे रासायनिक विश्लेषकाचा (केमिकल अॅनालायझर) अहवाल, आला की अंतिम मत.

म्हणजे खुर्च्या तीन. खाकीतली, डॉक्टरची आणि प्रयोगशाळेतली.

डॉक्टरच्या खुर्चीला ऑनलाइन वाट नाही. नीट परीक्षा, इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांचं एमबीबीएस आणि पुढे तज्ज्ञ व्हायचं तर न्यायवैद्यकशास्त्रात तीन वर्षांचं एमडी. बीएस्सी फॉरेन्सिक करून पोस्टमॉर्टेम करता येत नाही. हे कित्येकांना पदवी हातात आल्यावर कळतं, म्हणून आधीच स्पष्ट सांगितलेलं बरं. खाकीची वाट स्पर्धा परीक्षेची, आणि तिला कुठल्याही शाखेची पदवी चालते. तिसरी वाट न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेची. मुख्य प्रयोगशाळा मुंबईत कलिनाला आहे आणि पुण्यात प्रादेशिक आहे. तिथे विषशास्त्र, जीवशास्त्र व डीएनए, भौतिकशास्त्र असे विभाग असतात. रसायनशास्त्राची पक्की पदवी इथे उपयोगी पडते. आणखी एक गोष्ट नव्या कायद्यामुळे घडते आहे: सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणं कलम 176 ने बंधनकारक केलंय. राज्यांना ते लागू करायला पाच वर्षांची मुदत आहे. साहजिकच जागेवर जाऊन पुरावा गोळा करणाऱ्या हातांची गरज वाढणार.

आता ऑनलाइन शिक्षणाकडे येऊ. ते कुचकामी अजिबात नाही. कायद्याची कलमं, विषांचं वर्गीकरण, मृत्यूनंतरचे बदल, पुराव्याची साखळी (तो कुणाच्या हातून कुणाकडे गेला याची नोंद), अहवाल वाचायची रीत, हे सगळं पडद्यावर उत्तम शिकता येतं. ‘स्वयम’ या सरकारी व्यासपीठावरचे अभ्यासक्रम शिकायला मोफत असतात, शुल्क लागतं ते परीक्षेला. तुमच्या विद्यापीठाने मान्य केलं तर एका सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत विषय तिथून पूर्ण करता येतात. पूर्ण पदवी किंवा पदविका ऑनलाइन घ्यायची असेल, तर यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत संस्थेचं आणि त्याच अभ्यासक्रमाचंही नाव आहे का, हे स्वतः तपासा. संस्थेला मान्यता असते, पण नेमका तोच कोर्स यादीत नसतो. फसगत होते ती इथे.

घरी करण्यासारखा एक सराव सांगतो. खोलीत जमिनीवर जुन्या चादरीचं गाठोडं ठेवा, शेजारी एक पेला, एक चप्पल. काहीही न हलवता आधी खोलीच्या चारही कोपऱ्यांतून फोटो घ्या, मग मध्यम अंतरावरून, मग प्रत्येक वस्तू जवळून. जवळचा फोटो दोनदा: एकदा तसाच, एकदा शेजारी पट्टी ठेवून, आणि कॅमेरा वस्तूच्या बरोबर समोर काटकोनात धरून. तिरका धरला की पट्टीवरची मापं खोटी पडतात. मग दोन पक्के बिंदू निवडा, उदाहरणार्थ दाराची चौकट आणि भिंतीचा कोपरा. दोन्हींपासून प्रत्येक वस्तूचं अंतर मोजा आणि आलेख कागदावर एक मीटरला दोन सेंटीमीटर या प्रमाणात नकाशा काढा, उत्तर दिशेसह. दुसऱ्या दिवशी सगळं उचलून घरातल्या कुणालातरी तुमच्या टिपणावरून वस्तू पुन्हा मांडायला सांगा. वीतभर फरक पडला, तर चूक बहुधा बिंदूत असते: खाट किंवा टेबल धरलेलं असतं, आणि ते सरकतं. हे टिपण मराठीत लिहा. इथला पंचनामा मराठीत असतो आणि पोस्टमॉर्टेमचा अहवाल बहुतेक वेळा इंग्रजीत. दोन्ही भाषांत नेमकं लिहिणारा माणूस दुर्मीळ आहे.

पुस्तकातला आकडा आणि सोलापूरचं ऊन यांचं मात्र जमत नाही. मृत्यूनंतर शरीर तासाला साधारण दीड अंश फॅरेनहाइटने थंड होतं, असं थंड हवामानाला धरून शिकवतात. मे महिन्यात पारा 42 वर असताना बाहेरची हवाच शरीरापेक्षा गरम असते. शरीर थंड होणारच कसं? पत्र्याच्या शेडमध्ये ते उलट तापू शकतं. शरीर ताठर होण्याचंही तसंच. ते साधारण एक-दोन तासांत सुरू होऊन 12 तासांत सगळीकडे पसरतं, पण उन्हाळ्यात लवकर येतं आणि लवकर जातं. पोटाच्या उजव्या खालच्या भागावर हिरवट डाग उन्हाळ्यात 12 ते 18 तासांत दिसू लागतो, हिवाळ्यात त्याला एक-दोन दिवस लागतात. परदेशी व्हिडिओतलं कोष्टक जसंच्या तसं लावलं, तर मृत्यूची वेळ चुकलीच म्हणून समजा. म्हणूनच जागेवर पोचल्या पोचल्या हवेचं तापमान, ऊन-सावली, पंखा चालू होता की बंद, अंगावर किती कपडे होते, हे लिहून ठेवायचं. नंतर ते परत मिळत नाही.

द्राक्ष-डाळिंबाच्या या पट्ट्यात फवारणीची औषधं घरोघर असतात, म्हणून व्हिसेराचा भाग इथल्या विद्यार्थ्याने जास्त खोलात वाचावा. पोस्टमॉर्टेमच्या वेळी जठर त्यातल्या ऐवजासह आणि लहान आतड्याचा सुमारे 30 सेंटीमीटर तुकडा एका बाटलीत ठेवतात. यकृताचा दोनशे-तीनशे ग्रॅमचा तुकडा आणि दोन्ही मूत्रपिंडांचा अर्धा अर्धा भाग दुसऱ्या बाटलीत. रक्त वेगळं, शक्यतो मांडीच्या शिरेतलं, कारण हृदयाजवळच्या रक्तात शेजारच्या अवयवांतून औषध झिरपून प्रमाण फुगतं. अवयवांच्या बाटल्यांत साध्या मिठाचं संपृक्त द्रावण घालतात, रक्तात सोडियम फ्लोराइड. बाटली दोन-तृतीयांशच भरायची. वायू तयार होतो, काठोकाठ भरलेली बाटली फुटते किंवा झाकण उडतं, आणि सील गेलं की पुरावा गेला. वापरलेल्या द्रावणाचा नमुनाही स्वतंत्र बाटलीत पाठवतात, नाहीतर विष मिठातूनच आलं असा प्रश्न कोर्टात येतो. सर्वांत महाग पडणारी चूक फॉर्मेलिनची. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहायच्या असतील तर 10 टक्के फॉर्मेलिन बरोबर, पण विषाच्या तपासणीसाठीच्या व्हिसेरात ते पडलं की अनेक विषं सापडणं अवघड होऊन बसतं.

पुराव्याच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी. रक्ताळलेले कपडे सावलीत वाळवून कागदात गुंडाळायचे. प्लास्टिकच्या पिशवीत घाम धरतो, बुरशी येते आणि डीएनए खराब होतो. तरीही घाईत हाताशी येते ती कॅरीबॅगच. गळफासाच्या प्रकरणात दोर गाठीवर कधीच कापायचा नाही. गाठीपासून लांब कापून दोन्ही टोकं दोऱ्याने बांधायची, म्हणजे दोर पुन्हा जोडून दाखवता येतो आणि गाठ कुणी, कशी मारली असेल याचा अंदाज बांधता येतो. विहिरीतल्या मृत्यूत त्याच विहिरीचं पाणीही स्वच्छ बाटलीत घ्यायचं, कारण हाडाच्या मज्जेत सापडलेले डायटम, म्हणजे सूक्ष्म शेवाळ, त्या पाण्यातल्या डायटमशी जुळवून पाहतात.

पडद्यावर न येणाऱ्या गोष्टीही आहेत. वास, हातमोज्यातून जाणवणारा ताठरपणा, कुजलेल्या देहाजवळ तासभर उभं राहायची ताकद. पूर्ण वेळ पदवी घेताना संस्थेला विचारा: प्रयोगशाळेतले तास किती? पोस्टमॉर्टेम पाहायची परवानगी विद्यार्थ्यांना मिळते का? प्रात्यक्षिकाचं नाव नुसतं ‘व्हर्च्युअल लॅब’ असेल, तर तो कोर्स आवड म्हणून करा, नोकरीसाठी नको. शेवटी, प्रयोगशाळेतल्या वैज्ञानिक सहायकाच्या भरतीच्या जुन्या जाहिराती काढून शैक्षणिक पात्रतेचा रकाना शब्दशः वाचा. तिथे लिहिलेली पदवी आणि तुमच्या कोर्सचं नाव जुळत नसेल, तर संस्थेला लेखी विचारा आणि लेखी उत्तर येईपर्यंत फी भरू नका.