स्टीअरिंगमधला प्ले (रिकामा फेर) नेमका कुठे?

(दृश्य : बॉनेट उघडं. हात स्टीअरिंग हलवतोय, चाकं जागची हलत नाहीत.)

ही एमजीबी. इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात बनलेली स्पोर्ट्स कार. पॉवर स्टीअरिंग नाही. एक कॉलम (स्टीअरिंग व्हीलचा दांडा), खाली युनिव्हर्सल जॉइंट (कोनात जुळणारे दोन दांडे जोडणारा सांधा) आणि त्याखाली रॅक अँड पिनियन (फेर चाकांपर्यंत नेणारी दातेरी पट्टी आणि तिला फिरवणारं छोटं दातेरी चाक), एवढाच कारभार. रस्त्यावरचा खडा न् खडा हाताला कळतो, तसंच कॉलममध्ये काही बिनसलं की तेही कळतं. कुठे बिनसलंय, ते मात्र शोधावं लागतं. पुष्कळ जण शोधतच नाहीत, थेट नवा रॅक मागवतात. रॅक बिचारा बऱ्याचदा निर्दोष असतो.

आधी स्टीअरिंग वर-खाली हलवून पाहायचं. हललं, तर कॉलमला आधार देणारे बुश झिजलेत. ते बदलले की काम झालं. पण गोल फिरवताना मधे रिकामा फेर लागत असेल, तर पुढची झडती घ्यावी लागते.

(दृश्य : जॉइंटवर टेकलेलं बोट, अगदी जवळून.)

याला दोघं लागतात. चाकं जमिनीवरच, इंजिन बंद, स्टीअरिंग लॉक उघडं. एकाने स्टीअरिंग जरा जरा डावी-उजवीकडे हलवायचं. दुसऱ्याने बोट जॉइंटवर असं टेकवायचं, की दोन्ही बाजू एकदम जाणवतील. वरची बाजू आधी हलली आणि खालची मागून, तर जॉइंट गेला. दोन्ही बाजू बरोबर हलल्या पण पिनियनचा शाफ्ट (दांडा) मागे राहिला, तर स्प्लाइनवरची, म्हणजे शाफ्टच्या उभ्या दात्यांवरची पकड ढिली. शाफ्टही लगेच फिरला आणि रॅकपासून चाकाकडे जाणारा टाय रॉड तेवढा थांबला, तर मग खुशाल रॅकवर संशय घ्या.

पकड ढिली असेल तर नुसता बोल्ट आवळून मोकळं होऊ नका. काढून पाहा. शाफ्टवर आडवी खाच असते आणि शाफ्टला आवळणाऱ्या क्लॅम्पचा बोल्ट त्या खाचेतूनच जातो. म्हणजे उद्या नट सैल झाला तरी शाफ्ट निसटत नाही. बोल्ट हाताने सरकत नसेल, तर शाफ्ट जागेवर बसलेला नाही. इथे कुणी हातोडी उचलली, तर त्याच्या हातातून गाडीच काढून घ्यावी.

दुसरी तक्रार, स्टीअरिंग जड. पुढची चाकं उचला. तरी जडच, तर जॉइंट सोडवून कॉलम आणि रॅक वेगवेगळे फिरवून बघा. दोन्ही सुटे असताना हलके आणि जोडल्यावर जड? मग एकतर जॉइंट जाम आहे, नाहीतर दोन्ही शाफ्ट एका रेषेत मिळत नाहीत. एका फेऱ्यात दोनदा जड लागलं, तर ही खूण आणखी पक्की. रेष जुळवायला रॅकखाली शिम (पातळ पत्रे) घालतात. काम किचकट आहे, पण ते टाळलं तर नवा जॉइंटही लवकर खराब होईल.

आता एक धोका. अमेरिकेत १ जानेवारी १९६८ पासून नव्या मोटारींना धडकेत दबणारा कॉलम सक्तीचा झाला. अशा कॉलमला ठोकाठोकी चालत नाही. आतला जोड धडकेतच सुटावा म्हणून मुद्दाम नाजूक ठेवलेला असतो; तुमच्या घणाने तो आधीच सुटेल. स्टीअरिंग व्हील निघत नसेल तर पुलर (ओढून काढायचं अवजार) लावा. हाताने ओढत असाल, तर नट दोन आटे राहू द्या, नाहीतर व्हील थेट तोंडावर येईल.

ट्रायम्फ स्पिटफायर या दुसऱ्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारवाल्यांनी हॉर्नकडेही लक्ष ठेवावं. त्याचं अर्थिंग कॉलममधून खाली जातं. मधल्या रबरी कपलिंगवरची अर्थिंगची पट्टी तुटली, की हॉर्न मुका. कपलिंग बदलताना ही पट्टी हमखास विसरली जाते.

(दृश्य : क्लॅम्पवर पाना.)

सगळं जोडल्यावर स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, कुठे घासत नाही ना बघा. पहिली चक्कर मारून आलात, की क्लॅम्पच्या बोल्टांना पुन्हा एकदा पाना लावा.