बिरड्याचा सण कोणाला विचारायचा?

नमस्कार मंडळी, आणि आमच्या घरात म्हणतात तसं शालोम.

मी ठाण्याचा, पण आम्ही मूळचे पेणचे. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे यहुदी. कोकणात आम्हाला शनवार तेली म्हणायचे, कारण आमचे पूर्वज घाण्यावर तेल गाळायचे आणि शनिवारी, आमच्या विश्रांतीच्या दिवशी, घाणा बंद. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, सात जोडपी वाचली, तिथून आमची कथा सुरू होते असं घरोघरी सांगतात. मग जो ज्या गावात राहिला ते त्याचं आडनाव झालं, रोहेकर, दिवेकर, झिराडकर, किहीमकर. 1951 च्या सुमारास भारतात आम्ही 20 हजारांच्या आसपास होतो, आता जेमतेम 4-5 हजार. बाकीचे इस्राएलला गेले, दिमोना, अश्दोद, बेरशेवा, लोद, रामला.

माझी मावशी 1971 ला दिमोनाला गेली. वाळवंटातलं गाव. कापडाच्या गिरणीत नोकरी केली, हिब्रू शिकली, मुलं वाढवली. तिची नात शाळेत होती तेव्हा तिला प्रोजेक्ट मिळाला, आजीच्या आठवणी रेकॉर्ड करा. नातीने हिब्रूत विचारलं, तिशा बाव भारतात कसा पाळायचात? मावशीने हिब्रूत उत्तर दिलं, की जेरुसलेमचं देवालय पाडलं गेलं त्याचा उपास करायचो. झालं, संपलं. ते रेकॉर्डिंग नातीने मला पाठवलं, एक मिनिटाचंसुद्धा नाही.

तिशा बावलाच आमच्या घरी बिरड्याचा सण म्हणायचे. मी मावशीला फोन लावला आणि मराठीत विचारलं, मावशी, बिरड्याच्या सणाला पेणला काय व्हायचं गं?

चाळीस मिनिटं बोलली! वाल कधी भिजत घालायचे, मोड यायला फडक्यात कसे बांधून ठेवायचे, मग सोलायला आळीतल्या सगळ्या बायका कशा ओटीवर बसायच्या, शेजारची आगरी काकू तिचा उपास नसताना सोलायला यायची, तिला घरी न्यायला वाटीभर सोललेले वाल द्यायचे, आणि उपास सुटला की केळीच्या पानावर भात आणि बिरडं. मधेच रडली, कारण ती काकू तिला पन्नास वर्षांत आठवली नव्हती.

मला त्या दिवशी कळलं की आठवण ज्या शब्दात ठेवलीय त्याच शब्दाने ती उघडते. आमच्या सणांना मराठी नावं होती. रोश हशाना, आमचं नवं वर्ष, म्हणजे नव्याचा सण. योम किप्पूर, प्रायश्चित्ताचा उपास, म्हणजे दार फाळणीचा सण, त्या दिवशी दारं लावून पांढऱ्या कपड्यात बसायचं, कोणाला शिवायचं नाही. दुसऱ्या दिवशी शिला सण. पुरीम म्हणजे होळीचा सण. ही नावं आता तिथल्या मुलांना माहीतच नाहीत आणि खरं सांगतो, इथल्यांनाही कमीच.

सिनेगॉगांची, म्हणजे आमच्या प्रार्थनामंदिरांची काळजी लोक घेतात आणि घ्यायलाच हवी, मुंबईचं शार हाराहामीम तर 1796 सालचं, अलिबागच्या इस्राएल आळीतलं 1848 चं. पण मलिद्याच्या ताटाभोवती एलियाहू हनाबीचं, आमच्या संदेष्ट्याचं, नाव घेताना आजी पोह्यांत खोबरं कालवत मुलांना काय सांगायची, ते भिंतीत मिळत नाही ना.

आणि काही जखमाही आहेत, त्याही रेकॉर्ड व्हायला हव्यात. 1962 पासून इस्राएलमधल्या रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, आमच्या लोकांच्या लग्नाला आडकाठी घातली, पूर्वजांचा पुरावा आणा म्हणाले. जेरुसलेममध्ये आमची माणसं बायकामुलांसकट आंदोलनाला बसली, तेव्हा ऑगस्ट 1964 मध्ये तिथल्या संसदेने जाहीर केलं की हे सर्व अर्थाने यहुदीच आहेत. त्या आंदोलनात लहान मूल म्हणून आईच्या मांडीवर असलेली माणसं आज साठीच्या पुढे आहेत. त्यांना आत्ता विचारायला हवं.

माझ्या हातून एक चूक झालीय ती सांगतो. आजीच्या दोन वह्या होत्या, कीर्तनातली पदं आणि लग्नातली गाणी. 1880 च्या सुमारास आमच्यात मराठी कीर्तनं सुरू झाली, योसेफाची, मोशेची, आपल्या हरदासासारखीच पण कथा तोराहतली, म्हणजे आमच्या धर्मग्रंथातली. बायका ती पदं वहीत उतरवून घ्यायच्या. पेणचं घर रिकामं केलं तेव्हा त्या वह्या रद्दीत गेल्या. गठ्ठ्याला दोरी मीच बांधली होती.

म्हणून आता दर गुरुवारी फोन, शनिवारी मावशी फोन घेत नाही. मी तिला "लहानपण सांग" असं कधीच म्हणत नाही, एखादी वस्तू विचारतो, पाटा कुठे होता, मेंदी कोणी काढली, चिकाचा हलवा ढवळायला कोण बसायचं. तिचा शब्द सुधारत नाही. फाईलला नाव देताना गाव आणि तारीख घालतो, नाहीतर वर्षभराने काही सापडत नाही. फोटोची मागची बाजूसुद्धा स्कॅन करतो, नावं तिथेच असतात.

आणि जे यहुदी नाहीत अशा श्रोत्यांना खास सांगतो, तुमच्याकडेही आमचं पुष्कळ आहे. अलिबाग, रेवदंडा, पेण, रोहे, पनवेल, तुमच्या आजीच्या शेजारी कोणी शनवार तेली होते का, ते जाताना कोणाला काय देऊन गेले, विचारा. ती आगरी काकू मावशीच्या आठवणीत आहे, तसं तिच्या घरी कोणाला मावशीची आई आठवत असेल.

गेल्या गुरुवारी मावशी योसेफाचं एक पद गुणगुणली, भावांनी त्याला विहिरीत टाकलं तिथलं. दोन ओळी आल्या, तिसरी येईना. चाल येत होती, शब्द नाहीत, चार वेळा पहिल्यापासून म्हणून बघितलं. आजीच्या वहीत ते पद होतं. पेणला, रोह्याला, मुंबईत किंवा तिकडे अश्दोदला कोणाच्या ट्रंकेत तशी हाताने लिहिलेली वही असेल तर एकदा उघडून बघा, योसेफ आणि विहीर शोधा, आणि सापडलं तर या आकाशवाणी केंद्राला पत्राने कळवा. मावशी वाट बघतेय.