कंपनीची पोस्ट आणि शेवटचे वाचन

श्रोतेहो,

दर वर्षी २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, बँका, विमा कंपन्या, बिल्डर आणि सराफ आपापल्या अधिकृत खात्यांवरून मराठीत शुभेच्छा देतात, आणि त्यांतल्या कितीतरी शुभेच्छा ‘मराठी राजभाषा दिना’च्या असतात. राज्य शासनाच्या निर्णयानुसार २७ फेब्रुवारी हा मराठी भाषा गौरव दिन आहे आणि राजभाषा दिन १ मे रोजी असतो. हे पडताळायला दोन मिनिटेही लागत नाहीत. पण गेल्या वर्षीची पोस्ट काढून तिच्यावरचे साल तेवढे बदलायचे अशी रीत पडली की चूकही नव्या सालासह पुन्हा हजर होते.

त्याहून मनाला लागतो तो ‘दीन’. दिन म्हणजे दिवस आणि दीन म्हणजे केविलवाणा, हे शाळेत शिकलेले आपण कुणीच विसरलेलो नाही. तरीही भगव्या पार्श्वभूमीवर सोनेरी अक्षरांत ‘मराठी भाषा गौरव दीन’ आणि त्याखाली ‘हार्दीक शुभेछ्या’ असे छापलेली पोस्ट मी पाहिली आहे. तिच्या कोपऱ्यातले कंपनीचे बोधचिन्ह मात्र ठरलेल्या रंगात, ठरलेले अंतर सोडून, अगदी बिनचूक बसवलेले होते. म्हणजे तपासणी झाली होती. भाषा तिच्या कक्षेतच नव्हती, आणि मला खरे दुःख याचे आहे.

हे घडते कसे, ते पाहू. मजकूर मुळात इंग्रजीत लिहिला जातो, बहुधा यंत्राकडून मराठीत आणला जातो आणि डिझायनरकडे जातो, ज्याला मराठी वाचता येतेच असे नाही. डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची सोय चालू केलेली नसेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन पडते आणि जोडाक्षरे फुटून त्यांची पाय मोडलेली अक्षरे होतात. हे चित्र व्हॉट्सअॅपवरून कंपनीच्या अधिकाऱ्याकडे जाते, तो दोन बैठकांच्या मध्ये फोनवर पाहून संमतीचा अंगठा पाठवतो, आणि त्यानंतरही कुणीतरी कॅप्शनमधला एखादा शब्द बदलतो. त्या शेवटच्या बदलानंतर पूर्ण पोस्ट वाचण्याचे काम कुणाच्याच नावावर नसते.

हा दोष केवळ आपल्याकडचा नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये अमेरिकेत मॅकडॉनल्ड्सच्या ट्विटर खात्यावरून ब्लॅक फ्रायडेची, म्हणजे तिथल्या मोठ्या सवलत-विक्रीच्या दिवसाची, पोस्ट गेली, तिच्यात मजकुराच्या जागी ‘मजकूर आणि लिंक हवी’ ही आतल्या माणसांसाठीची सूचनाच राहून गेली होती. ती चूक निरुपद्रवी होती. सप्टेंबर २०१४ मधली डिजॉर्नो या पिझ्झा कंपनीची चूक तशी नव्हती: मारहाण करणाऱ्या जोडीदाराजवळ आपण का राहिलो, हे स्त्रिया एका हॅशटॅगखाली सांगत होत्या, आणि कंपनीने त्याच हॅशटॅगला पिझ्झा जोडला. हॅशटॅग कशाबद्दल आहे हे न वाचताच लिहिले, असे कंपनीने पुढे स्वतःच कबूल केले, पोस्ट काढली आणि दुखावलेल्यांची एकेकाला उत्तर देऊन माफी मागितली. ती माफी मला मनापासून आवडली, कारण तिच्यात सबब नव्हती.

दुरुस्ती हा तर आणखी नाजूक भाग. इन्स्टाग्रामवर कॅप्शन सुधारता येते, पण चित्रातला ‘दीन’ तसाच राहतो. फेसबुकवर बदलांचा इतिहास वाचकाला पाहता येतो. आणि स्क्रीनशॉट तर कुणाच्याही हाती असतो. मी काही काळ एका वित्तसंस्थेचा मराठी मजकूर तपासत असे. तिथे एकदा मुदत ठेवीचा व्याजदर ८.२५ ऐवजी ८.५२ टक्के असा गेला आणि दुपारी कुणीतरी तो गुपचूप बदलला. दुसऱ्या दिवशी एक निवृत्त शिक्षक सकाळचा स्क्रीनशॉट कागदावर छापून घेऊन शाखेत आले. त्यांना पैशांपेक्षा एकच गोष्ट खुपत होती: ‘तुम्ही चुकलात ते ठीक, पण कळवलं का नाहीत?’ पुस्तकाला शुद्धिपत्र जोडतात, वर्तमानपत्र खुलासा छापते. कंपनीच्या पोस्टखाली ‘सकाळी दर चुकीचा दिला होता’ ही एक ओळ लिहायला कुणाची हरकत असावी, हे मला आजही समजत नाही.

त्यानंतर आम्ही छापखान्यातली जुनी पद्धत उचलली. तिथे एकजण मूळ प्रत मोठ्याने वाचे आणि मुद्रितशोधक प्रुफावर खुणा करी. दिन आणि दीन कानाला सारखेच लागतात म्हणून वाचणारा वेलांटीही उच्चारून सांगे. आमच्याकडे एकजण मंजूर झालेला कागद वाचू लागला आणि दुसरा तयार पोस्टवर बोट ठेवून पाहू लागला: ‘आठ, दशांशचिन्ह, दोन, पाच, ठेवीदारांना, ठे, वी दुसरी, दा, रां वर अनुस्वार, ना.’ एका पोस्टला चार मिनिटे लागत.