कौलं, पन्हळ आणि गांधीजींची पत्रं

[दृश्य: पावसात भिजणारी कौलं]

पाऊस अहमदाबादचा, साबरमती आश्रमातला. चौपाखी छपरावरून घरंगळणारं पाणी या काँक्रीटच्या पन्हळीत उतरतंय. पन्हळ नीट पाहा. हीच तुळईसुद्धा आहे. छपराचं ओझं हिच्यावर आणि पाण्याची वाटही हिच्यातूनच. पुढेमागे दालनं वाढवावी लागली, तर नवं छप्परही हिच्यावरच टेकवायचं, हे आधीच ठरलेलं.

हे गांधी स्मारक संग्रहालय. वास्तुकार चार्ल्स कोरिया. घराणं गोव्याचं, कार्यालय मुंबईत. हे काम हाती आलं तेव्हा त्यांनी तिशीही गाठली नव्हती.

[दृश्य: हृदयकुंजाची ओसरी, मग संग्रहालय]

शेजारी हृदयकुंज, गांधीजींचं राहतं घर. बैठं, कौलारू. त्याला लागून स्मारक उभारायचं म्हटल्यावर एखाद्याला घुमट सुचला असता, संगमरवर तर नक्कीच. कोरियांनी वीट, दगडी फरशी, लाकूड आणि कौलं घेतली. 6 मीटर लांब, 6 मीटर रुंद असा एक चौरस ठरवला आणि तोच पुन्हा पुन्हा मांडला. पण रांगेत नाही. काही चौरस भिंतींनी बंद केलेले, काही नुसत्या विटांच्या खांबांवर उभे, आणि मधला उघड्या आभाळाखाली, पाण्याच्या कुंडासाठी. गावातल्या आळीतून हिंडावं तसं इथे हिंडायचं. मुख्य दार कुठलं, हे शोधावंसंही वाटत नाही.

[दृश्य: झडपांतून येणारा उजेड]

आत आहे काय? गांधीजींची हजारो पत्रं, छायाचित्रं, पुस्तकं. बहुतेक सगळा कागदच. दिपवून टाकणारी वस्तू जवळजवळ नाहीच, मग इमारतीने तरी का दिपवावं? खिडक्यांना काच नाही, लाकडी झडपा आहेत. हव्या तेवढ्या उघडायच्या. वारा आत येतो, ऊन बाहेर राहतं. एक पत्र वाचून मान वर केली की समोर झाडं दिसतात आणि झाडांपलीकडे नदी. नदीचे काठ आता काँक्रीटचे आहेत आणि पाणी नर्मदेच्या कालव्याचं, तो भाग वेगळा.

1963 मध्ये पंडित नेहरूंनी उद्घाटन केलं.

मार्च 2024 मध्ये आश्रमाच्या सुमारे 1200 कोटींच्या पुनर्विकासाचा आराखडा जाहीर झाला. 5 एकरांचं आवार 55 एकरांचं होणार आहे. आसपासची अनेक कुटुंबं त्यासाठी हलली.

[दृश्य: छपरांची रांग, दुरून]

नव्या इमारतींनीही या छपरांइतकंच खाली राहावं, एवढं मागणं.