पायांचा रंग शेवटी बघा

मंडळी, आज चिखलात चरणारे, एकमेकांसारखे दिसणारे छोटे पाणपक्षी ओळखायचे आहेत: तुताऱ्या (सँडपायपर) आणि टिलवे (स्टिंट). उजनी जलाशयावर, भिगवणच्या काठावर दुर्बीण डोळ्याला लावली की शेजारून हमखास विचारणा होते, ‘पाय पिवळे आहेत का?’ हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारावा. दिवसभर चिखल तुडवणाऱ्या पक्ष्याचे पाय चिखलाच्याच रंगाचे होणार. ओल्या काळ्या गाळात पिवळे पाय काळे दिसतात, आणि काळ्या पायांवर गाळ वाळला की ते फिकट वाटतात. पुस्तकात पायांचा रंग ठळक दिलेला असतो, म्हणून सगळे तिथेच अडकतात.

तुताऱ्यांपासून सुरुवात करू. त्या तीन: सामान्य, हिरवी आणि ठिपकेवाली. सामान्य तुतारी लवकर निकालात निघते. बसलेली असताना शेपूट पंखांच्या टोकांपलीकडे बरीच पुढे आलेली दिसते, आणि छातीच्या तपकिरी रंगाच्या कडेने पांढरी पाचर खांद्याकडे वर चढते. मागचा भाग सतत खालीवर हलत असतो. पण तेवढ्यावर जाऊ नका, बाकीच्या दोघीही अधूनमधून हलवतात. उडताना ती पाण्याला लागून, पंख ताठ आणि खाली वाकवलेले ठेवून, थरथरत जाते. कमरेवर, म्हणजे शेपटीच्या अलीकडच्या पाठीवर, पांढरं नसतं.

खरी डोकेदुखी हिरवी तुतारी आणि ठिपकेवाली तुतारी, म्हणजे ग्रीन आणि वूड सँडपायपर. दोघींचीही कंबर पांढरी, त्यामुळे ‘पांढरं दिसलं’ एवढ्याने काहीच ठरत नाही. आकारातला फरक दोनेक सेंटिमीटरचा; शेजारीशेजारी उभ्या नसतील तर तोही निरुपयोगी. बसलेल्या पक्ष्याची भुवई बघा. हिरवीची पांढरी रेघ चोचीपासून निघून डोळ्यापाशीच संपते, ठिपकेवालीची डोळ्यामागे लांबवर जाते.

पाठीवरचे ठिपके मात्र दगा देतात. पिसाचा गडद भाग मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे टणक असतो, फिकट भाग लवकर झिजतो. ऑगस्टमध्ये परतलेल्या प्रौढ ठिपकेवालीच्या पिसांच्या कडांवरचे ठिपके असे झिजून गेलेले असतात, आणि ती चक्क हिरवीसारखी काळपट दिसते. अशा वेळी भुवईच कामाला येते, नाहीतर पक्षी उडेपर्यंत थांबायचं.

उडताना पहिल्या क्षणी पंखाखाली नजर हवी. हिरवीचा पंख खालून जवळजवळ काळा, ठिपकेवालीचा फिकट. हिरवीच्या शेपटीवर मोजकेच जाड काळे पट्टे, ठिपकेवालीच्या शेपटीवर बारीक आणि पुष्कळ. कानही उघडे ठेवा: हिरवी खणखणीत ‘ट्लुईट-वीट-वीट’ करत उठते, ठिपकेवाली बारीक ‘चिफ-इफ-इफ’. जागाही बोलते. ओढ्याच्या वळणावर किंवा पाटाच्या कडेला एकटाच पक्षी असेल तर आधी हिरवीचा विचार करा. भातखाचरात आठ-दहा असतील तर ठिपकेवालीचा.

टिलव्यांचं गणित चालीवर सुटतं. छोटा टिलवा उघड्या चिखलावर थव्याने, शिवणयंत्राच्या सुईसारखी चोच मारत भराभर पळतो. टेमिंकचा टिलवा गवताच्या कडेला, पाय दुमडल्यासारखा, उंदरागत सरपटतो. त्याची छाती सबंध राखाडी, पाठ सपाट तपकिरी. म्हणजे सामान्य तुतारीच लहान करून ठेवल्यासारखा. छोट्याची छाती मधोमध पांढरी. टेमिंकचा दचकून उठला तर कोरडं ‘ट्रर्रर्र’ करत सरळ वर चढतो, आणि शेपटीच्या दोन्ही कडा पांढऱ्याशुभ्र दिसतात. छोट्याच्या त्या राखाडी असतात. मग पायांकडे वळा: छोट्याचे काळे, टेमिंकचे पिवळट-हिरवट.

सूर्य पाठीशी ठेवा. ऊन चढून हवा लहरायला लागली की स्कोप (तिपाईवरची मोठी दुर्बीण) 60 पटींवर नेऊन फायदा नाही, लहरीच मोठ्या दिसतात. 25-30 वर आणा आणि जवळचे पक्षी बघा. एवढं करूनही जमलं नाही तर वहीत सरळ ‘टिलवा, जात अनिश्चित’ लिहा. अंदाजाने लिहिलेलं नाव पुढे कुणाच्या तरी यादीत पक्कं होऊन बसतं.

आता पडद्यावरचा हा पक्षी बघा. पाय मुद्दाम झाकलेत. भुवई कुठे संपते?