क्लोझापीन आणि दर आठवड्याची रक्तचाचणी

जांभळ्या झाकणाच्या या नळीतील रक्त आता यंत्रात जाईल, त्यातील पांढऱ्या पेशी मोजल्या जातील, आणि आकडा समाधानकारक असेल तरच या रुग्णाला पुढच्या आठवड्याच्या गोळ्या मिळतील. त्या गोळ्या क्लोझापीनच्या, म्हणजे स्किझोफ्रेनिया या गंभीर मानसिक आजारावरच्या औषधाच्या आहेत.

स्किझोफ्रेनियाच्या औषधोपचाराला खरे वळण मिळाले ते १९५२ साली पॅरिसमध्ये. शस्त्रक्रियेच्या वेळी वापरले जाणारे क्लोरप्रोमाझीन झाँ दले आणि पिएर दनिकेर या मानसोपचारतज्ज्ञांनी मनोरुग्णांना दिले, आणि बेभान झालेली माणसे पुन्हा बोलू लागली. त्यानंतरची बहुतेक औषधे मेंदूतील डोपामिन या रसायनाचा परिणाम रोखतात. त्यामुळे कानातले भासाचे आवाज ओसरतात, संशय निवळतो. मात्र जुन्या औषधांनी अंग ताठरते, हात थरथरतात, आणि वर्षानुवर्षांच्या वापरानंतर ओठ व जीभ आपोआप हलू लागतात. पाहणारे ही हालचाल आजाराचीच समजतात, हा रुग्णावर दुहेरी अन्याय आहे.

सुमारे एक तृतीयांश रुग्णांना या औषधांचा पुरेसा उपयोग होत नाही, आणि क्लोझापीन आहे ते त्यांच्यासाठी. १९७५ साली फिनलंडमध्ये ते घेणाऱ्या काही रुग्णांच्या पांढऱ्या पेशी घटून जंतुसंसर्गाने मृत्यू झाले, आणि अनेक देशांत ते बाजूला पडले. पुढे १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात, इतर औषधे निष्फळ ठरलेल्या रुग्णांपैकी ३० टक्क्यांना सहा आठवड्यांत त्याने आराम पडला. क्लोरप्रोमाझीनने फक्त ४ टक्क्यांना. रक्त तपासण्याच्या अटीवर औषध परत आले.

पेशी घटण्याचा धोका सुरुवातीच्या महिन्यांत सर्वाधिक असतो, म्हणून अनेक देशांत पहिले १८ आठवडे दर आठवड्याला आणि पुढे अधिक अंतराने नमुना घेतात. ही गंभीर घट शंभरात एकालाही होत नाही; तरीही सुईच्या आणि तपासणीच्या धास्तीने डॉक्टर व कुटुंबीय इतर औषधे बदलत राहतात, आणि उपयोगी पडू शकणारे औषध वर्षानुवर्षे लांबणीवर पडते, हे आम्हाला अधिक चिंताजनक वाटते.

वजन व रक्तातील साखर वाढणे, झोप येणे, लाळ गळणे आणि क्वचित जिवावर बेतणारी बद्धकोष्ठता हे तोटेही आहेतच. निरुत्साह आणि अबोलपणा मात्र कोणत्याच औषधाने फारसा हटत नाही. गोळ्या दोन दिवसांहून अधिक चुकल्यास डॉक्टरांना विचारून पुन्हा १२.५ मिलिग्रॅमपासून सुरुवात करावी लागते, कारण एकदम जुना डोस घेतल्यास रक्तदाब धोकादायकरीत्या खाली येऊ शकतो.